सात हॅम आणि एक पांढरी टोपी

एका युगाचा अंत झाला होता. शुक्रवारच्या वर्तमानपत्रात तसं पानभर छापूनच आलं होतं. काळी चौकट, चौकटीत सोनेरी पँट घातलेला आणि बत्तीसच्या बत्तीस दात दाखवणारा एक तरुण, आणि खाली जाड अक्षरांत मजकूर: ‘जॉली टी. १९८७–१९९४. एका युगाचा अंत. अंत्यविधी शनिवारी दुपारी दोन वाजता.’

हा अंत पूर्व ओकलंडमधल्या घराघरांत वाचला जात होता, त्या वेळी मृत इसम आपल्या आईच्या स्वयंपाकघरात बसून पाचवा पॅनकेक खात होता आणि पाक जरा कमी पडला म्हणून कुरकुरत होता.

जॉली टी म्हणजे टेरेन्स ओडेल ब्रॉडनॅक्स, वय एकोणतीस. गेली सात वर्षं हा मुलगा सोनेरी पँट घालून, टाळ्या वाजवत, उड्या मारत रॅप करत होता आणि अर्धी अमेरिका त्याच्याबरोबर उड्या मारत होती. ‘बांध रे नाडी’ या त्याच्या गाण्यानं लाखो पोरं बुटाची नाडी बांधायला शिकली. दंतवैद्यांच्या संघटनेनं त्याला पदक दिलं. न्याहारीच्या खोक्यावर तो होता, शाळेच्या डब्यावर तो होता, पावसाळी छत्रीवर तो होता. मग काळ फिरला. रॅप करणाऱ्यांनी एकाएकी हसणं बंद केलं. ज्यांच्या शेजारी उभं राहायची भीती वाटेल अशा माणसांची गाणी पोरं ऐकू लागली. जॉली टीच्या शेजारी उभं राहायची भीती कुणालाच वाटत नव्हती. उलट बायका तान्हं मूल त्याच्या हातात देऊन खरेदीला जात.

तेव्हा रेकॉर्ड कंपनीनं ठरवलं, की जॉली टीला मारायचं आणि त्याच्या जागी ‘बुचर टी’ नावाचा एक खाटीक उभा करायचा. मारायचं ते जाहिरातीपुरतं. शुक्रवारी पेपरात चौकट, शनिवारी भाड्याच्या सभागृहात शवपेटी, पेटीत ती सोनेरी पँट, आणि सोमवारी खाटकाची नवी रेकॉर्ड बाजारात. ही कल्पना कंपनीच्या प्रतिमा-सल्लागाराची. त्याचं नाव ब्रॅडफर्ड, वय सव्वीस, आणि गुन्हेगारी जगाचा त्याचा अनुभव एवढाच, की कॉलेजात असताना एकदा त्याची सायकल चोरीला गेली होती.

ओडेसाबाई ब्रॉडनॅक्सना यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. शाळेच्या भोजनगृहात एकतीस वर्षं स्वयंपाक करून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि वर्तमानपत्र घ्यायच्या ते फक्त रविवारी, कुपनांसाठी. त्यामुळे सकाळी सातला बेल वाजली आणि त्यांनी दार उघडलं, तेव्हा त्यांचा हात आधी दाराच्या साखळीकडे गेला. समोर गुळगुळीत डोक्याचा, भुवयांपर्यंत काळी टोपी ओढलेला एक धटिंगण उभा होता. गळ्यात बैल बांधता येईल अशी साखळी, आणि गालापासून हनुवटीपर्यंत वाराचा एक लांबलचक व्रण.

“आई, मी आहे,” धटिंगण म्हणाला.

ओडेसाबाईंनी आधी त्याला आत ओढलं, मग शेजारी कुणी बघत नाही ना ते बघितलं, मग अॅप्रनचा कोपरा थुंकीनं ओला करून तो वार पुसायला घेतला. वार अर्धा निघालासुद्धा.

“राहू दे ना गं,” टेरेन्स कळवळला. “दीड तास लागतो तो रंगवायला.”

“आणि तोंड असं का केलंयस? पोटात दुखतंय का?”

“हसायची मनाई आहे. सोमवारपर्यंत.”

मग त्यानं त्यांना नवी प्रतिमा म्हणजे काय ते समजावलं. चेहरा कसा कठोर ठेवायचा हेही ब्रॅडफर्डनं शिकवलं होतं. आपल्या दारासमोर कुणीतरी गाडी लावून निघून गेलंय, अशी कल्पना करायची. ओडेसाबाई पॅनकेक उलटत ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा कसलीही कल्पना न करता कठोर होत चालला होता. अकरा वाजता न्यूयॉर्कच्या एका मासिकाचा वार्ताहर येणार होता. बुचर टी कुठल्या गल्लीत वाढला ते त्याला बघायचं होतं. हा माणूस सगळ्या रॅपवाल्यांचा परीक्षक. तो ‘अस्सल’ म्हणाला तर ठीक. ‘ढोंगी’ म्हणाला तर रेकॉर्ड गोदामात जाणार.

“एवढंच कर आई, तो आला की माझ्या लहानपणाचं काही सांगू नकोस.”

“मी कशाला सांगतेय,” ओडेसाबाई म्हणाल्या. “मला काही माझी अब्रू नको झालेली नाही.”

त्यांच्या जिवाला निराळाच घोर लागला होता. ग्रेटर माउंट निबो बॅप्टिस्ट चर्चच्या माता हारग्रोव्ह वसंतात वारल्या होत्या, शहाण्णवाव्या वर्षी. तेव्हापासून पहिल्या बाकावरची उजवीकडची जागा रिकामी होती. ती जागा चर्चमातेची. तिथं बसणारी बाई नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत येते, आणि तिनं नुसतं घड्याळाकडे बघितलं तरी रेव्हरंड प्रवचन आवरतं घेतात. येत्या रविवारी नवी चर्चमाता जाहीर व्हायची होती. नावं दोन उरली होती: ओडेसा ब्रॉडनॅक्स आणि व्हर्नेल टब्स. ओडेसाबाईंनी ऑगस्टमध्येच पांढरी टोपी आणून ठेवली होती, जाळीची, कडेला तीन पांढरी फुलं असलेली. जेवणाच्या खोलीतल्या कपबश्यांच्या कपाटावर तिचं गोल खोकं होतं. कुणी विचारलं तर त्या सांगत, की त्यात नाताळचे दिवे आहेत.

आता रविवारच्या आत व्हर्नेलनं या पोराला या अवतारात बघितलं, तर त्या खोक्यात खरंच दिवे ठेवायची पाळी आली असती. तेव्हा वार्ताहराला साडेअकराला वाटेला लावायचं, पोराचं तोंड धुवायचं आणि त्याला मागच्या दारानं टेकडीवरच्या त्याच्या बंगल्यात पाठवून द्यायचं, असा ओडेसाबाईंनी बेत केला. बेत चांगला होता. तो साडेनऊपर्यंत टिकला.

साडेनऊला बेल वाजली. पडद्याआडून बघितलं तर व्हर्नेल टब्स. ओडेसाबाईंनी टेरेन्सला ताटलीसकट फराळाच्या कोठीत ढकललं, दार लोटलं आणि बाहेर आल्या. व्हर्नेलबाईंनी हातातलं झाकलेलं भांडं टेबलावर ठेवलं आणि ओडेसाबाईंना कडकडून मिठी मारली. चाळीस वर्षांच्या ओळखीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

“ओडेसा,” त्या म्हणाल्या, “मला कळलं गं.”

“इतक्यात कळलंसुद्धा?”

“सगळ्या गावाला कळलंय. कसं गं झालं हे?”

“काय सांगू तुला. कंपनीवाल्यांनी केलं.”

व्हर्नेलबाई मिठीतून बाहेर आल्या. “कंपनीवाल्यांनी?”

“म्हणाले, चांगुलपणावर आता खप होत नाही. हे केलं तरच रेकॉर्ड खपेल.”

“आणि पोरानं करू दिलं?”

“दीड तास लागला म्हणे. जागचा हलला नाही.”

व्हर्नेलबाई मटकन खुर्चीत बसल्या. ओडेसाबाईंना जरा बरं वाटलं. व्हर्नेल नावं ठेवायला आली असेल असं त्यांना वाटलं होतं, आणि ही तर रडत होती. त्यांनी तिच्यासाठी लिंबू सरबत ओतायला घेतलं, आणि ओतता ओतता त्यांची नजर टेबलावरच्या भांड्यावर गेली. झाकणाखालून लवंगांचा आणि अननसाचा वास येत होता.

त्यांनी झाकण उचललं. आत अख्खा हॅम होता, डुकराची भाजलेली सबंध मांडी.

या गल्लीत अख्खा हॅम घरी येतो तो दोनच प्रसंगी. एक ईस्टर, दुसरा मर्तिक. महिना ऑक्टोबरचा होता. ओडेसाबाईंनी भांडं हळूच तिरकं करून बुडाशी बघितलं. चिकटपट्टीवर शाईनं ‘व्ही. टब्स’ लिहिलेलं होतं. भांड्याला नावाची पट्टी लावतात ती मर्तिकालाच, कारण त्या घरी इतकी भांडी येतात की नंतर कुणाचं कोणतं ते कळत नाही.

“व्हर्नेल,” त्यांनी विचारलं, “कोण गेलं गं?”

व्हर्नेलबाईंनी त्यांच्याकडे अपार करुणेनं बघितलं. दुःखानं बाईचं भान सुटलंय, हे त्यांना दिसतच होतं. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढून पुढे ठेवलं. “पेपरवाल्यांनी वयसुद्धा चुकवलंय,” त्या म्हणाल्या. “सात वर्षांचा करून टाकला पोराला.”

ओडेसाबाईंनी चौकट वाचली. पुन्हा वाचली. कोठीतून पॅनकेक चावल्याचा आवाज येत होता. बोलायला त्यांनी तोंड उघडलंही होतं, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. ‘अगं वेडे, तो तिकडे खातोय’ एवढंच म्हणायचं होतं. पण व्हर्नेलबाई आधी बोलल्या.

“मी तुझ्याशी फार वाईट वागले, ओडेसा. त्या जागेसाठी मी तुझ्याविरुद्ध काय काय बोलले ते देवालाच ठाऊक. पण आज सकाळी पेपर बघितला आणि पहिला फोन रेव्हरंडना केला. म्हटलं, माझं नाव काढून टाका. जिचा मुलगा गेला, तिच्यासमोर मी कशाला उभी राहू? ती जागा तुझी आहे.”

ओडेसाबाईंचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. मग हळूहळू मिटलं. सांगायचं तर होतंच. पण बाई इतक्या मनापासून बोलतेय तर तिचं बोलणं तरी पुरं होऊ दे, असा त्यांनी विचार केला. तिचं बोलणं पुरं झालं तेव्हा त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, आणि बेल वाजली.

झालं होतं असं, की व्हर्नेलबाईंनी दुसरा फोन प्रार्थनासाखळीला केला होता. एकोणनव्वदच्या भूकंपानंतर माउंट निबोनं ही सोय केली होती. एकीनं दोघींना फोन करायचा, त्या दोघींनी चौघींना. भूकंपासाठी केलेली सोय भूकंपाला पुन्हा लागली नाही, पण एरवी रोज लागायची. सव्वादहापर्यंत दोनशे बारा घरांत टेरेन्स वारला होता. त्यातली निम्मी घरं आता ओडेसाबाईंच्या दाराशी रांगेत उभी होती.

मॅकरोनी-चीजचे तीन ट्रे आले. कोलार्डच्या पाल्याची भाजी आली, तळलेली कोंबडी आली, पीच कॉब्लर नावाचं गोड आलं, दोन पाउंड केक आले. दुसरा हॅम आला, मग तिसरा. चर्चचे हातपंखे आले, गावातल्या अंत्यविधीवाल्याची जाहिरात छापलेले, आणि खोलीभर बायका ते हलवत बसल्या. चर्चचे तिन्ही डीकन, म्हणजे कारभारी, आले. त्यांतले म्हातारे पर्व्हिस टेकत टेकत आले, त्यांनी काठी भिंतीला लावली, टोपी काढली आणि भिंतीवरच्या जॉली टीच्या फोटोसमोर पाच मिनिटं उभं राहून नाक ओढलं.

दर नव्या भांड्याबरोबर ओडेसाबाई मनाशी म्हणत होत्या, की आता हिला सांगून टाकू. पण पहिल्या हॅमला जे सांगितलं नाही ते तिसऱ्या हॅमला कसं सांगायचं? तिसरीला सांगितलं की पहिली विचारणार, मला का नाही सांगितलं. चौथा हॅम आला तेव्हा त्यांना कळून चुकलं, की आता हे सांगण्यापेक्षा निस्तरणं जास्त सोपं आहे. कसं निस्तरायचं ते मात्र कळत नव्हतं. त्या मधूनमधून कोठीचं दार किलकिलं करत, आत एखादी कोंबडीची तंगडी सारत आणि “गप बस” म्हणून परत येत. लोकांना वाटे, आई आत जाऊन एकटीच रडून येते.

रेव्हरंड गॅडिस पावणेअकराला आले. हा माणूस सहा फूट चार इंच आणि आवाज त्याहून उंच. त्यांनी ओडेसाबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि हळू आवाजात, म्हणजे रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात, म्हणाले, “सिस्टर ओडेसा, सिस्टर व्हर्नेलचा फोन आला होता. रविवारी तुम्हाला त्या जागेवर बसवताना माझं मन भरून येईल.”

“तुमच्या मनाला येईल तसं करा, रेव्हरंड,” ओडेसाबाई म्हणाल्या. त्यांनी कपाटावरच्या खोक्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली केली. ते नजर खाली करणं बायकांना फार भावलं.

बरोबर अकराला न्यूयॉर्कचा वार्ताहर आला. डेस्मंड क्वॉर्ल्स त्याचं नाव. काळा चष्मा, काळा शर्ट, आणि आयुष्यात कशाचंही नवल न वाटल्याचा चेहरा. आत रडारड आणि हॅम बघून त्याला वाटलं, कंपनीनं खेळ झकास जमवलाय. भाड्यानं आणलेल्या बायका इतक्या चांगल्या रडताना त्यानं बघितल्या नव्हत्या. मग कुणीतरी त्याच्या हातात ताट दिलं, त्यानं मॅकरोनीचा घास घेतला, आणि तो थबकला. असलं मॅकरोनी कुठलीही कंपनी करून आणू शकत नाही, एवढं त्याला कळत होतं. या बायका खऱ्या होत्या. त्यानं वही काढली.

वही बघून बायकांनी ओळखलं, की हा मृत्यूचा मजकूर लिहिणारा पेपरवाला. मग त्याला खुर्ची मिळाली, सरबत मिळालं आणि टेरेन्सचं आख्ख्या बालपणाचं पुराण मिळालं. व्हर्नेलबाईंनी नऊ वर्षं त्याला चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलं होतं, तेव्हा सुरुवात त्यांची. नाताळच्या नाटकात सलग सहा वर्षं मेंढरू व्हायचं पोर, आणि सातव्या वर्षी मेंढपाळ केलं तर रडलं, मला मेंढरूच व्हायचंय म्हणून. डीकन पर्व्हिसनी सांगितलं, की माझी कोंबडी बघून तो भिऊन रस्ता ओलांडायचा. मग रेव्हरंड बोलले. अकराव्या वर्षी टेरेन्सचा सोनेरी मासा मेला होता. त्यानं रेव्हरंडना घरी बोलावून माशाचा अंत्यविधी करवून घेतला होता.

“स्तोत्र मी छोटंच निवडलं,” रेव्हरंड म्हणाले. “मासा लहान होता.”

क्वॉर्ल्स लिहीत होता. कोठीच्या दाराला कान लावून बुचर टी ऐकत होता. मेंढरापर्यंत त्यानं सहन केलं. कोंबडीला दातओठ खाल्ले. माशापाशी मात्र त्याचा धीर सुटला. आता गप्प बसलं तर रेकॉर्डच काय, खाटीकसुद्धा गोदामात जाणार होता. त्यानं टोपी खाली ओढली, दारासमोर कुणीतरी गाडी लावून गेलंय अशी कल्पना केली आणि लाथेनं दार उघडलं. हातात पीचच्या लोणच्याची बरणी तशीच राहिली होती.

खोलीत एकाच वेळी सगळे पंखे थांबले. अर्ध्या व्रणाचा, साखळीवाला, आडदांड माणूस कोठीतून बाहेर आलेला बघून पहिलं वाक्य सुचलं ते व्हर्नेलबाईंना.

“रेव्हरंड, हा कंपनीवाला आहे. यांनीच मारलं पोराला. ओडेसानं सांगितलंय मला.”

डीकन पर्व्हिस अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि एरवी उठायला त्यांना दोघं लागत. ते एकटे उठले आणि त्यांनी काठी बुचर टीच्या पायात घातली. तो पालथा पडला. उरलेले दोन डीकन त्याच्या पाठीवर बसले. बरणी मात्र त्यानं फुटू दिली नाही. आईची होती.

“मी टेरेन्स आहे,” खालून आवाज आला. “मिसेस टब्स, मी टेरेन्स.”

“मेलेल्याचं नाव घेतोय,” एक डीकन म्हणाले आणि आणखी जोर देऊन बसले.

व्हर्नेलबाई पुढे आल्या. वाकून त्यांनी त्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांना काही तो ओळखू येईना. पण बाई शिक्षिका होत्या, आणि परीक्षा कशी घ्यायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

“टेरेन्स असशील तर बायबलच्या जुन्या कराराची पुस्तकं क्रमानं म्हण,” त्या म्हणाल्या.

न्यूयॉर्कचा वार्ताहर समोर वही उघडून बसला होता. टेरेन्सनं त्याच्याकडे बघितलं. मग पाठीवरच्या दोघांचा विचार केला. मग जमिनीला गाल टेकवून त्यानं सुरुवात केली. “उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद...” आवाज खाटकाचा होता, चाल मात्र पाच वर्षांच्या पोराची. खोली श्वास रोखून ऐकत होती. राजे गेले, इतिहास गेले, स्तोत्रसंहिता गेली. “...दानीएल, होशेय, योएल, आमोस...” आणि तो अडकला. कपाळावर घाम आला. “आमोस... आमोस... योना?”

“ओबद्या,” व्हर्नेलबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “तोच आहे. ओबद्या आजही विसरला.”

डीकन उठले. टेरेन्स उभा राहिला, कपडे झटकले आणि तेवढ्यातही चेहरा कठोर करायचा प्रयत्न केला. त्यावर रेव्हरंड गॅडिस एवढंच म्हणाले, “टेरेन्स ओडेल ब्रॉडनॅक्स, घरात टोपी?”

“चुकलं, सर,” म्हणून बुचर टीनं टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला. क्वॉर्ल्सनं वहीत एक रेघ ओढली. रेकॉर्ड गोदामात गेल्याची ती रेघ होती, हे टेरेन्सला लांबूनही दिसलं.

लोक आनंदले, रडले, त्याला चाचपून चाचपून बघून झालं, आणि मग हळूहळू, एकेक करून, सगळी तोंडं ओडेसाबाईंकडे वळली. टेबलावर सात हॅम ओळीनं मांडलेले होते. कोठीच्या उघड्या दारातून पाकानं माखलेली ताटली दिसत होती, आणि तिच्याभोवती कोंबडीची पाच हाडं.

“ओडेसा,” व्हर्नेलबाईंनी विचारलं, “तुला कधी कळलं?”

खोटं बोलायची सोय होती. भान नव्हतं म्हणता आलं असतं, आणि सगळ्यांनी ते मानलंही असतं. पण समोर रेव्हरंड होते, आणि त्याहून वाईट म्हणजे समोर तो हॅम होता.

“तुझ्या हॅमला,” ओडेसाबाई म्हणाल्या.

“आणि बोलली नाहीस?”

ओडेसाबाईंची नजर गेली, जायला नको होती तिथंच, कपाटावरच्या गोल खोक्याकडे. खोलीतल्या प्रत्येक बाईची नजर तिच्यामागोमाग गेली. नाताळचे दिवे कुणीच म्हणालं नाही.

डेस्मंड क्वॉर्ल्सनं पहिल्यांदाच काळा चष्मा काढला. “बाई,” त्यानं अदबीनं विचारलं, “तुमचा मुलगा त्या कोठीत जिवंत होता, आणि तुम्ही दीड तास इथं बसून लोकांचं सांत्वन घेत होता?”

“सरबतपण दिलं मी सगळ्यांना,” ओडेसाबाई म्हणाल्या. जे चांगलं केलं ते तरी नोंदलं जावं, असं त्यांना वाटलं.

“एकदाही हात थरथरला नाही?”

“कशाला थरथरेल? एकतीस वर्षं सहाशे पोरांना रोज जेवायला घातलंय मी.”

क्वॉर्ल्सनं वहीचं नवं पान उघडलं. मग फोन कुठाय म्हणून विचारलं आणि दिवाणखान्यातून न्यूयॉर्कला फोन लावला. त्यानं आवाज खाली ठेवला होता, पण खोलीत सगळे त्याहून खाली आवाज ठेवून ऐकत होते. पोरगा लोण्यासारखा मऊ आहे, तो सांगत होता, माशाचं श्राद्ध घालणारा. पण आई. या देशातल्या सगळ्या गल्ल्या मी पालथ्या घातल्या, अशी थंड डोक्याची बाई बघितली नाही. या घरातून आलेल्या पोराला ढोंगी म्हणायची माझी छाती नाही.

टेरेन्सनं आईकडे बघितलं. हसायची मनाई होती म्हणून तो हसला नाही. ओडेसाबाईंना तर हसू येण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

रेव्हरंडनी निकाल दिला तो एका वाक्यात. अन्नाला आशीर्वाद देऊन झालाय तेव्हा ते परत जाणार नाही, आणि सिस्टर व्हर्नेल, तुमचं नाव मी अजून खोडलेलं नाही.

शनिवारी दुपारी भाड्याच्या सभागृहात जॉली टीचा अंत्यविधी ठरल्याप्रमाणे झाला. ब्रॅडफर्डनं पन्नास पत्रकारांची सोय केली होती. आले ते माउंट निबोचे तीनशे लोक आणि झग्यांसकट गायकवृंद. आता एवढं शिजवलंच आहे तर, असं म्हणून हॅमही आले. शवपेटी उघडल्यावर ओडेसाबाई पुढे गेल्या, आतली सोनेरी पँट बाहेर काढली, घडी घालून पिशवीत टाकली. ती त्यांनी स्वतः शिवली होती, गायकवृंदाच्या झग्यांच्या उरलेल्या कापडातून, आणि शिवण अजून चांगली होती. रिकाम्या पेटीसमोर गायकवृंदानं चार गाणी म्हटली. कंपनीचा निरोप तिथंच आला: रेकॉर्डच्या वेष्टनावरचा फोटो बदलायचाय, बुचर टी मागे उभा राहील, पुढे खुर्चीत आई. टेरेन्सनं आईच्या कानात सांगितलं, फोटोत हसू मात्र नकोस. ओडेसाबाई म्हणाल्या, त्याची काळजी करू नकोस.

संध्याकाळी सातच्या सुमाराला त्या स्वयंपाकघरात बसून भांडी घासत होत्या आणि बुडाच्या पट्ट्या वाचून एकेक बाजूला लावत होत्या. व्हर्नेलचं भांडं त्यांनी सगळ्यात आधी घासलं होतं, दोनदा. दारावर टकटक झाली. त्यांनी हात पुसले. व्हर्नेलला काय म्हणायचं ते त्यांनी दिवसभर मनात जुळवलं होतं. चाळीस वर्षांची मैत्री, दीड तासाचा मोह, देवाची क्षमा, सगळं क्रमानं होतं.

व्हर्नेलबाई आत आल्या, बसल्या नाहीत. ओडेसाबाईंनी बोलायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत बोलल्या. व्हर्नेलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आपलं भांडं काखेत मारलं, बुडाची पट्टी तपासली, दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळल्या.

“रेव्हरंडनी आत्ता कळवलं,” त्या म्हणाल्या. “उद्या मला बसायचंय तिथं. आणि दुकानं तर बंद झाली.” त्यांनी जेवणाच्या खोलीतल्या कपाटाकडे बघितलं. “ओडेसा, ती टोपी कितीच्या मापाची आहे गं? उद्यापुरती देतेस?”